केंटमध्ये लग्न करायचंय? ठाण्यात बसून तयारी कशी करायची

मुलगा लंडनला नोकरीला, मुलगी आपल्या घोडबंदर रोडची, आणि दोघांच्या मनात लंडनला लागून असलेल्या केंट परगण्यातलं एखादं जुनं घर नाहीतर बार्न, म्हणजे शेतावरचं जुनं कोठार, भरलंय, असं असेल तर घरातले सगळे आधी वेन्यूचे फोटो बघत बसतात. माझं म्हणणं आहे की ते फोटो जरा बाजूला ठेवा. कायद्याचं लग्न कुठे लावायचं हे पहिलं ठरवा, कारण जागा, तारीख, व्हिसा, गुरुजी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

इंग्लंडमध्ये एखाद्या बार्नमध्ये सप्तपदी झाली, मंगळसूत्र घातलं, तरी तेवढ्यावर तिथला कायदा लग्न झालं असं मानत नाही. त्यासाठी रजिस्ट्रारसमोर वेगळा सिव्हिल समारंभ लागतो, त्यात धार्मिक काहीही चालत नाही म्हणजे मंगलाष्टकंसुद्धा नाहीत, आणि रजिस्टर ऑफिसबाहेर करायचा तर परवाना असलेल्या जागेतच. त्याच्याआधी दोघांनी रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यायची, नोटीस देण्याआधी त्या ऑफिसच्या हद्दीत निदान ७ दिवस राहिलेलं असायला हवं, नोटिशीनंतर २८ दिवस थांबायचं, आणि दोघांपैकी एक जरी भारतीय पासपोर्टवर असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढवू शकतात. इथून जाणाऱ्याला साध्या व्हिजिटर व्हिसावर तिथे लग्न करता येत नाही, मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो.

त्यात केंटचं अजून एक आहे. जुना केंट परगणा आणि आजची सरकारी हद्द एक नाही. ब्रॉमली, बेक्सली हे मूळचे केंटमधले, पत्त्यात लोक अजूनही केंट लिहितात, पण १९६५ पासून ते ग्रेटर लंडनमध्ये आहेत. रॉचेस्टरचा किल्ला आणि कॅथीड्रल बघून जीव जडला तर ते १९९८ पासून मेडवे या वेगळ्या कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे. नोटीस तुम्ही राहता तिथे आणि रजिस्ट्रार मात्र वेन्यू ज्या कौन्सिलच्या हद्दीत आहे तिथला, त्याचं बुकिंग वेगळं. वेन्यूवाल्याने तारीख दिली म्हणजे रजिस्ट्रार मिळाला असं समजू नका.

म्हणून मी सांगेन, दोघांपैकी कोणी ब्रिटिश नागरिक नसेल आणि तिथलंच सर्टिफिकेट हवं अशी काही खास गरज नसेल तर कायद्याचं लग्न ठाण्यातच स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करून टाका. इथे ३० दिवसांची नोटीस असते आणि एकजण तरी जिल्ह्यात तेवढे दिवस राहिलेला लागतो, मुलगी ठाण्याचीच असली की तो प्रश्न सुटतो. एकदा सर्टिफिकेट हातात आलं की केंटमध्ये रजिस्ट्रार नको, परवान्याची जागा नको, कुठलंही शेत, बार्न, गावातला हॉल चालेल, मंत्र म्हणा, होम करा. पुढे डिपेंडंट व्हिसाला हेच सर्टिफिकेट लागतं.

आता तारीख. तिकडे लग्नाचा सीझन मे ते सप्टेंबर, चांगल्या जागा वर्षभर आधी जातात. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, म्हणजे जुलै-ऑगस्टचं त्यांचं छान ऊन नेमकं आपल्या मुहूर्ताबाहेर पडतं. पंचांगात चातुर्मासातले गौणकाळाचे मुहूर्त दिलेले असतात, घरातल्या मोठ्यांना ते चालणार आहेत का हे डिपॉझिट भरायच्या आधी विचारा. नाहीतर मे-जून सगळ्यात बरा, फक्त अधिक महिना बघून घ्या, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे.

मुहूर्ताची वेळ इथल्या पंचांगातून साडेचार तास वजा करून घेऊ नका. तिथी सगळीकडे एकाच क्षणी बदलते, तिचं तसं चालतं, पण लग्नराशी, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि सूर्योदय-सूर्यास्त त्या त्या गावाप्रमाणे बदलतात, तेव्हा गुरुजींना केंटमधल्या गावाचं नाव देऊन मुहूर्त काढून घ्या. आणि गोरज मुहूर्ताची हौस असेल तर जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा लग्न लागून मग जेवणं कधी होणार, त्यात बऱ्याच जागी अकरा-बाराला म्युझिक बंद करायला लावतात. जूनमध्ये सकाळचाच मुहूर्त घ्या.

जागा बघताना केंटची खास गोष्ट म्हणजे ओस्ट हाऊस, बिअरसाठी लागणारे हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवायची जुनी गोल धुराड्यासारखी घरं, वर पांढरी टोपी असते, त्यातली काही आता लग्नासाठी मिळतात. फार देखणी असतात, पण जुन्या लाकडी इमारतीत होमाला बहुतेक नाहीच म्हणतात. पहिल्याच ईमेलमध्ये खरा अग्नी, धूर आणि तूप असं सरळ लिहून विचारा, लाजाहोम किती वेळ चालतो तेही सांगा आणि होकार लेखी घ्या. आत नाही म्हणाले तर अंगणात किंवा बाजूने उघड्या मांडवात करू देतात का ते बघा, पावसासाठी आतली खोलीही त्याच भाड्यात धरून घ्या. अक्षतांचंही विचारा, पुष्कळ ठिकाणी तांदूळ उधळू देत नाहीत, मग सुक्या फुलांच्या पाकळ्या वाटायच्या आणि तांदूळ फक्त गुरुजी आणि आईवडिलांच्या हातात. हळद वेन्यूवर नको, गालिच्यावर डाग पडला की डिपॉझिट जातं.

सामानात अंतरपाट, मुंडावळ्या, हळकुंडं, सुपाऱ्या जांभळी नाक्यावरून घेऊन जा. पण पेढे, खवा, तूप बॅगेत टाकू नका, भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, फुलंही तिकडेच घ्या, लंडनमध्ये साउथॉल नाहीतर वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळतात. गुरुजींसाठी लंडनच्या महाराष्ट्र मंडळात विचारा, १९३२ पासूनचं आहे, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. केटरर केंटमधल्याच ग्रेव्हझेंडला बघा, तिथे मोठा गुरुद्वारा आहे आणि पंजाबी वस्ती भरपूर, मात्र मसालेभात, अळूचं फदफदं आणि मठ्ठा हवा असेल तर रेसिपी देऊन आधी एकदा करून घ्या, नाहीतर पनीर टिक्का ठरलेलाच.

पाहुण्यांना व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, त्याच्याआधी नाही, तेव्हा निमंत्रणाचं पत्र आणि बँक स्टेटमेंटं तोवर तयार ठेवा. वेन्यू लीड्स कॅसल असेल तर पत्रिकेत मेडस्टोनजवळ असं ठळक छापा, नाहीतर कोणीतरी यॉर्कशायरमधल्या लीड्स शहराचं तिकीट काढेल. हीथ्रोहून सगळ्यांसाठी एकच कोच करा. लंडनला उतरलेले सेंट पँक्रसहून हाय-स्पीड ट्रेनने केंटमधल्या ॲशफर्डला पाऊण तासाच्या आत पोचतात. रस्त्याने येणाऱ्यांसाठी लंडनभोवतीच्या एम २५ महामार्गाचा ट्रॅफिक धरा, डोव्हर बंदरात काही अडलं की केंटमधल्या एम २० महामार्गावर ट्रकच्या रांगा लागतात, म्हणून कोच मुहूर्ताच्या निदान दोन तास आधी दारात लागेल असा हिशोब ठेवा.