‘गो ऑफ’ म्हणजे बंद होणं नव्हे

‘ऑफ’ म्हणजे बंद, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की पुन्हा तपासून बघावं असं वाटतच नाही. दिव्याचं बटण, मोबाइल, टीव्ही, सगळीकडे तेच. मीही तेच धरून पहिल्या नोकरीत रुजू झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात ते अंगाशी आलं.

काम सर्व्हर रूमवर लक्ष ठेवायचं. रात्री दहाला मी पाळीवर आले तेव्हा आधीच्या सहकाऱ्याची नोंद होती: ‘टेम्परेचर अलार्म वेन्ट ऑफ ॲट नाइन-फोर्टी.’ मी मनात लगेच मराठी केलं: नऊ चाळीसला अलार्म बंद झाला. म्हणजे तापमान उतरलं, विषय मिटला. नोंदीखाली सही केली आणि दुसऱ्या कामाला लागले. खरं तर नऊ चाळीसला अलार्म वाजला होता. त्या सहकाऱ्याने फक्त त्याचा आवाज बंद केला होता. अडीचच्या सुमारास दोन सर्व्हर तापून आपोआप बंद पडले. सकाळी वरिष्ठांनी विचारलं, “नोंद वाचली नव्हतीस का?” मी म्हटलं, “वाचली होती.” त्यांना ते खोटं वाटलं. चुकीपेक्षा ते जास्त लागलं, अजूनही लागतं.

म्हणून हे एवढं एक नीट समजून घ्या. अलार्म, भोंगा, गजर, बॉम्ब, बंदूक यांच्यापुढे ‘वेन्ट ऑफ’ आलं की ते वाजलं, फुटलं, सुटलं. दिवे, वीज, हीटर यांच्यापुढे आलं की गेलं, बंद पडलं. म्हणजे शब्द तेच आणि अर्थ उलटे. अलार्म थांबला असं सांगायचं असेल तर लिहिणारा सहसा ‘स्टॉप्ड’ किंवा ‘वॉज टर्न्ड ऑफ’ लिहितो.

मी ते असं लक्षात ठेवते: ‘ऑफ’चा जुना अर्थ ‘दूर, सुटून’ असा आहे. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द होते, पुढे दोन झाले. दाबून धरलेलं सुटलं की गजर होतो, गोळीही आपण मराठीत ‘सुटली’च म्हणतो. दिवा पेटलेल्या अवस्थेतून सुटतो. दूध चांगल्या अवस्थेतून सुटतं, म्हणजे नासतं. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ हे ब्रिटिश लोक रोज बोलतात. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफीवरून मन उडालं. बाकीचे अर्थ तुलनेने सोपे: माणूस ‘गो ऑफ’ झाला तर निघून गेला, कार्यक्रम ‘वेन्ट ऑफ वेल’ तर नीट पार पडला. अमेरिकन माणूस कुणावर ‘वेन्ट ऑफ ऑन’ झाला तर त्याच्यावर भडकला.

‘गो ऑफ’सारख्या, क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेल्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ‘तीस दिवसांत पाचशे फ्रेजल व्हर्ब’ असल्या याद्यांपासून लांब राहा. एका शब्दापुढे एकच मराठी अर्थ पाठ करून मी पडले ती याच खड्ड्यात. आणि ‘संदर्भावरून कळतं’ एवढंच सांगणारे मार्गदर्शकही मला पटत नाहीत, कारण संदर्भात नेमकं काय बघायचं ते ते सांगत नाहीत. बघायचा तो कर्ता. मला हे एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी शिकवलं. मी अडले की त्या अर्थ सांगायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, “काय गेलं ऑफ?”

हे आपल्याला अवघड जायचं कारणच नाही. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. ‘लागणे’चे अर्थ आपण कधी पाठ केले होते? काय लागलं ते ऐकलं की अर्थ आपोआप कळतो.

तरीही सुरुवातीला गोंधळ होणारच, आणि तो बुद्धीचा दोष नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची पद्धत परक्यांना सर्वांत जड जाते. 2015 मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट या भाषा-अभ्यासकांनी सर्वाधिक वापरातली 150 फ्रेजल व्हर्ब घेऊन त्यांचे नेहमीचे अर्थ वेगळे काढले; ते भरले 288. म्हणजे एकेकाचे सरासरी दोनसुद्धा नाहीत. शब्दकोशातली लांबलचक रांग बघून हबकू नका.

स्वतः लिहिताना मात्र मी कामाच्या नोंदीत ‘वेन्ट ऑफ’ वापरत नाही. ‘रँग’ किंवा ‘स्टॉप्ड’ लिहिते, सोबत वेळ आणि आत्ताचं तापमान. वाचताना शंका आली तर लिहिणाऱ्याला फोन करते, तो झोपला असला तरी. नव्या मुलांना शिकवताना फळ्यावर एकच वाक्य लिहिते: ‘द पॉवर वेन्ट ऑफ अँड द अलार्म वेन्ट ऑफ.’ वीज गेली आणि अलार्म वाजला. निम्म्याहून जास्त जण पहिल्या वेळी दोन्ही बंद करून टाकतात.