गल्लीतला कडुलिंब कसा वाचला – माझा अनुभव

जुळे सोलापुरात राहतो, मागच्या उन्हाळ्यात रविवारी सकाळी बघतो तर समोरच्या प्लॉटवाल्याने कटरवाला आणलेला, कडुलिंबाच्या दोन फांद्या खाली पण पडलेल्या. (रविवारच का, तर ऑफिसं बंद असतात की ओ!) मी म्हटलं काका, परवानगीचा कागद दाखवा. तर म्हणे माझ्या जागेतलं झाड, कुणाला विचारू?

इथंच सगळे फसतात. झाडांचा 1975 चा कायदा आहे राज्याचा, शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची (म्हणजे महापालिकेची झाडांसाठीची समिती) परवानगी लागते. मी भांडत बसलो नाही, मोबाईलवर खोडाचे, करवतीचे, गाडीच्या नंबरचे फोटो काढले आणि 112 ला फोन लावला. पोलीस आले, काम थांबलं. सोमवारी वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज दिला, फोटो जोडले, आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतला, हे विसरू नका, नाहीतर अर्ज कुठं गेला कळत पण नाही. चार दिवसांनी माणूस येऊन पंचनामा करून गेला, काकांना नोटीस गेली. काका अजून बोलत नाहीत माझ्याशी, पण दुपारी स्कूटर त्याच सावलीत लावतात.