साखळी पाहून चोर सापडत नाही

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या प्रोजेक्टचं नाव भारदस्त होतं: ब्लॉकचेन आणि क्लाउड वापरून सायबर हल्ल्यांचा शोध. लॉगची, म्हणजे मशिनवर काय घडलं त्याच्या नोंदींची, प्रत्येक ओळ आम्ही हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेनवर टाकायचो, नि लॅपटॉप धापा टाकायचा. व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, "यात हल्ला ओळखतं कोण?" मी म्हणालो, ब्लॉकचेन. मार्क तिथेच गेले.

ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या नोंदींची साखळी. ती हल्ला ओळखत नाही. नोंदीत मागाहून कुणी फेरफार केला तर ताळा जुळत नाही, एवढंच ती दाखवते. आत शिरलेला माणूस आधी लॉगच खोडायला बघतो, म्हणून तेही मोलाचं. पण त्यासाठी सगळे लॉग साखळीत कोंबू नका. ते साध्या क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवा, ठरावीक वेळाने त्यांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, काढा, त्यात आधीचा हॅश गुंफा. ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या हालचाली नोंदवणाऱ्या क्लाउडट्रेलमध्ये व्हॅलिडेशन (नोंदी पडताळायची सोय) चालू असलं की दर तासाला अशीच डायजेस्ट फाइल, म्हणजे हॅशची यादी, बनते. तिच्यात आधीच्या फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश असतो, वर डिजिटल सही. ही कल्पना हाबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्येच मांडली होती, बिटकॉइनच्या कितीतरी आधी.

वेग येतो तो क्लाउडमुळे. सगळ्या मशिनचे लॉग एका जागी आले की एकच खातं पाच मिनिटांत दोन देशांतून उघडल्याचं दिसतं. एकट्या सर्व्हरला त्यात वावगं काही वाटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा हल्लेखोरांचा खोटा स्विच (एटीएम आणि बँक यांना जोडणारी यंत्रणा) एटीएमच्या व्यवहारांना परस्पर होकार देत होता. तिथे हवा होता स्विचचे होकार आणि कोअर बँकिंगच्या, म्हणजे खात्यांच्या मूळ हिशेबाच्या, नोंदी यांचा तिथल्या तिथे ताळा. ब्लॉकचेनने ते खोटे होकारही तितक्याच इमानदारीने जपले असते.

सुरुवात करायची तर स्वतःच्या दोन व्हर्च्युअल मशिन (संगणकातले आभासी संगणक) घ्या, लॉग तपासून अलर्ट देणारं वाझू फुकट आहे, ते बसवा. एकीवरून दुसरीच्या एसएसएचवर (दुरून लॉगिन करायची सोय) चुकीचे पासवर्ड मारा आणि अलर्ट किती सेकंदांनी आला ते मोजा. घड्याळं मात्र आधी जुळवा. आमचं एक मशिन यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होतं, दुसरं आयएसटीत, म्हणजे भारतीय वेळेत. साडेपाच तासांच्या फरकाने हल्ला व्हायच्या आधीच अलर्ट आल्याचं दिसायचं, आणि आम्ही दोन दिवस खूश होतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश घटना ६ तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगतो, तसंच घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवायलाही.

पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत ब्लॉकचेनवर एकही प्रश्न आला नाही. या घड्याळाच्या घोळावर वीस मिनिटं गेली.