दिवाळीच्या गर्दीतला विमानप्रवास: घरातून निघण्यापूर्वीची तयारी

एरवी एखादे विमान चुकले किंवा रद्द झाले, तर त्याच दिवशीच्या पुढच्या विमानात जागा मिळण्याची बरीच शक्यता असते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मात्र पुढची दोन-तीन विमानेही भरलेली असतात आणि चुकून एखादी जागा उरलीच, तर तिचे भाडे मूळ तिकिटाच्या कितीतरी पट झालेले असते. त्यामुळे दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याच्या सुट्टीत विमानाने जायचे असेल, तर ‘विमानतळावर गेल्यावर बघू’ असे म्हणून काहीही शिल्लक ठेवू नये.

तयारीची सुरुवात तिकीट काढतानाच होते. देशांतर्गत मार्गांवरचे एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरांमध्ये ये-जा करते. सकाळी एका ठिकाणी झालेला अर्ध्या तासाचा उशीर पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतो आणि रात्रीपर्यंत तो दोन-तीन तासांचा झालेला असतो. म्हणून सणाच्या दिवसांत शक्यतो सकाळचे विमान घ्यावे. ते रद्द झाले तरी दुसरी सोय पाहायला अख्खा दिवस हाताशी असतो, शेवटचे विमान रद्द झाले तर मात्र रात्र विमानतळावर किंवा हॉटेलात काढावी लागते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्ली, लखनौ, अमृतसर या भागांत पहाटे दाट धुके पडते, तेव्हा तिकडे जाण्यासाठी दुपारचे विमान निवडणे शहाणपणाचे ठरते. लग्न, परीक्षा किंवा परदेशी जाणारे पुढचे विमान असे काही अडलेले असेल, तर एक दिवस आधीच पोहोचावे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार मनुष्यबळाचे नियोजन न झाल्याने देशभरात हजारो उड्डाणे रद्द झाली होती. अशा वेळी एका दिवसाची सवड हाच प्रवाशाचा खरा आधार असतो.

दोन स्वतंत्र तिकिटे काढून मध्ये विमान बदलण्याचा मोह टाळावा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची व्यवस्था करणे हे विमान कंपनीचे काम असते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरता.

विमानतळ कोणता, हेही आता नीट वाचावे लागते. मुंबईसाठी सांताक्रूझ-अंधेरीचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आहेच, शिवाय डिसेंबर २०२५ पासून उलवे येथील नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. तिकिटावर पहिल्याची खूण बीओएम अशी, तर दुसऱ्याची एनएमआय अशी असते. मुंबईतून विमान पकडण्यासाठी पुण्याहून येणाऱ्यांना नवी मुंबई जवळ पडते, बोरिवलीकरांना ते बरेच लांब आहे. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ असून त्यांच्यातले अंतर रस्त्याने तास-दीड तासाचे आहे. मडगावला घर असताना स्वस्त म्हणून मोपाचे तिकीट काढले, तर वाचलेले पैसे टॅक्सीतच जातात. मुंबईत टर्मिनल एक की दोन हेही प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावे, कारण कंपन्या टर्मिनल बदलतात. मुंबईच्या भुयारी मेट्रोची, म्हणजे ॲक्वा लाइनची, स्थानके दोन्ही टर्मिनलांना आहेत. हातात सामान थोडे असेल, तर संध्याकाळच्या कोंडीत तिच्यासारखी खात्रीची सोय नाही.

यानंतर कागदपत्रे. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळलेच पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. आईचे तिकीट सासरच्या आडनावाने काढलेले असते, पण आधार कार्डावर अजून माहेरचे आडनाव असते. कोणाच्या नावात वडिलांचे नाव मध्येच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. म्हणून तिकीट काढताना ओळखपत्र समोर ठेवून, त्यातली अक्षरे पाहूनच नाव भरावे आणि चूक दिसली तर कंपनीला त्याच दिवशी कळवावे. दोन वर्षांखालील बाळाला मांडीवर घेऊन जाता येते, मात्र वयाचा पुरावा सोबत लागतो. जाताना बाळ पावणेदोन वर्षांचे असेल आणि परतीच्या तारखेला दोन वर्षे पूर्ण झालेली असतील, तर परतीसाठी त्याचे स्वतंत्र आसन काढावे लागते.

तिकीट एजंटाकडून घेतले असेल, तर त्यावर तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक घालायला लावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण विमानाची वेळ बदलल्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. शिवाय संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल, तर विमान रद्द झाल्याची भरपाई कंपनीवर बंधनकारक राहत नाही. वडीलधाऱ्यांसाठी व्हीलचेअर हवी असल्यास ती किमान ४८ तास आधी नोंदवावी. ऐनवेळी मागितली, तर गर्दीच्या दिवशी मदतनीसाची वाट पाहण्यात बराच वेळ जातो. वेब चेक-इन, म्हणजे संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून हजेरी नोंदवून बोर्डिंग पास घेणे, खुले होताच करून टाकावे, म्हणजे कुटुंबाला शेजारची आसने मिळण्याची शक्यता वाढते.

आता बॅग भरण्याविषयी थोडे सविस्तर, कारण दिवाळीत सर्वाधिक खोळंबा इथेच होतो. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोपर्यंतची चेक-इन बॅग, म्हणजे काउंटरवर सोपवायची बॅग, आणि ७ किलोपर्यंतची एक हातबॅग नेऊ देतात. फराळाचे डबे वजनाला फसवे असतात. चिवडा जागा खातो पण हलका असतो, बेसनाचे लाडू आणि अनारसे मात्र लहानशा डब्यात वजन वाढवतात. म्हणून घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग बॅग हातात घेऊन उभे राहावे आणि दोन आकड्यांतला फरक पाहावा. काउंटरवर जादा किलोमागे द्यावे लागणारे पैसे बरेच असतात. वजन वाढतच असेल, तर जादा सामानाचे शुल्क संकेतस्थळावर आधीच भरलेले स्वस्त पडते.

दिवाळीचे सामान म्हणून आपण सहज बॅगेत टाकतो, त्यांतल्या काही वस्तू विमानात चालतच नाहीत. फटाके, मग ती साधी फुलबाज्यांची पेटी असली तरी, हातबॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इन बॅगेतही. कापूर पेट घेणारा पदार्थ असल्याने तो घरीच ठेवावा. आगपेटी आणि लायटरही नकोत. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण जास्त असते आणि ते सहज पेट घेते, म्हणून नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने २०२२ मध्ये खोबऱ्याचा समावेश चेक-इन बॅगेतल्या निषिद्ध वस्तूंत केला. लक्ष्मीपूजनासाठी लागणारे खोबरे आणि कापूर पोहोचल्यावर तिथल्या दुकानातून आणणे सर्वांत सोपे. चेक-इन बॅगेत असे काही आढळले, तर प्रवाशाला बोलावून बॅग उघडायला लावतात आणि रांगा लांबलेल्या असताना ती पंधरा-वीस मिनिटे फार महाग पडतात. लाडवांचा घट्ट भरलेला डबा हातबॅगेत असेल, तर तो वरच्या बाजूला ठेवावा. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर तो गडद ठिपक्यासारखा दिसतो आणि जवान तो उघडून पाहण्याची शक्यता असते. तूप आणि तेलकट लोणचे यांच्या बरण्या झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत बांधून चेक-इन बॅगेत ठेवाव्यात.

पॉवर बँकेचा नियम याच्या अगदी उलटा आहे. ती चेक-इन बॅगेत ठेवायची नसते, हातबॅगेतच न्यायची असते, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर ते केबिनमध्ये लगेच लक्षात येते, सामानाच्या कप्प्यात येत नाही. परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतची क्षमता चालते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे ती चालते, पण तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल, तर सुरक्षा तपासणीत ती अडवली जाऊ शकते. विमानात ती वरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवावी आणि प्रवासात तिच्यावर फोन चार्ज करू नये. रोजची औषधे, दागिने, घराच्या किल्ल्या आणि एक दिवसाचे कपडे हेही हातबॅगेतच असावेत.

विमानतळावर किती आधी पोहोचायचे याचे गणित उड्डाणाच्या वेळेवरून न करता काउंटर बंद होण्याच्या वेळेवरून करावे. देशांतर्गत विमानांसाठी सामान स्वीकारणारे काउंटर साधारणपणे ६० मिनिटे आधी आणि बोर्डिंगचे दार २५ मिनिटे आधी बंद होते. सणाच्या दिवसांत अडीच ते तीन तास आधी विमानतळावर असावे आणि रस्त्यातल्या कोंडीचा वेळ त्याआधी वेगळा धरावा. पुणे किंवा सातारा भागातून मुंबईला येणाऱ्यांनी सुट्टी सुरू होण्याच्या दिवशी बोरघाटासाठी जादा दोन तास राखून ठेवलेले बरे. चेहरा ओळखून प्रवेश देणाऱ्या डिजियात्रा ॲपवर घरीच नोंदणी करून बोर्डिंग पास त्यात चढवून ठेवला, तर प्रवेशद्वारावरची रांग कमी लागते. तरी मूळ ओळखपत्र जवळ ठेवावेच.

एवढे करूनही उशीर होणे किंवा विमान रद्द होणे टळत नाही, तेव्हा आपले हक्क ठाऊक असावेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाल्यास, वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांपैकी एक पर्याय मिळतो. जादा तिकिटे विकल्यामुळे तुम्हाला विमानात घेतले नाही आणि तासाभरात निघणारे दुसरे विमानही दिले नाही, तर परिस्थितीनुसार १०,००० किंवा २०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी रोख भरपाई मिळत नाही. पुढच्या विमानासाठी काउंटरच्या रांगेत उभे राहतानाच कुटुंबातल्या दुसऱ्या कोणीतरी ॲपवरून आणि फोनवरूनही प्रयत्न सुरू ठेवावा. बोर्डिंग पास, कंपनीचे संदेश आणि खर्चाची बिले जपून ठेवावीत. कंपनीने दाद दिली नाही, तर सरकारच्या एअरसेवा या ॲपवर तक्रार नोंदवताना तीच उपयोगी पडतात.

चेक-इन बॅग पट्ट्यावर आलीच नाही किंवा फाटून आली, तर आगमन कक्षातून बाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. एकदा बाहेर गेल्यावर दावा सिद्ध करणे अवघड होते. बॅग काउंटरवर सोपवताना तिचा आणि तिच्यावर लावलेल्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला असेल, तर रंग, आकार आणि क्रमांक तोंडी सांगत बसावे लागत नाही.