सिलिकॉनचा तुटलेला हात खोटा दिसतोय? या चुका टाळा

सिनेमात क्लोजअपमध्ये दिसणाऱ्या तुटलेल्या नकली हातासाठी सहसा प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनम उत्प्रेरकाने घट्ट होणारं) सिलिकॉन वापरतात. टिन-क्युअर (कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) स्वस्त पडतं, पण काही काळाने ते आकसतं आणि त्याची ताकद जाते. प्लॅटिनमचं दुखणं वेगळं, आणि सर्वांत जास्त माल त्यापायीच वाया जातो: साचा उघडला की हात आतून घट्ट, वरून मात्र चिकट.

अशा वेळी प्रमाण चुकलं असं समजून पुढच्या खेपेला पार्ट बी (सिलिकॉनच्या ए आणि बी या दोन भागांपैकी दुसरा) वाढवला जातो. त्याने काहीच साधत नाही, कारण बहुतेकदा दोष संपर्कात आलेल्या वस्तूत असतो. गंधक असलेली क्ले, लेटेक्सचे हातमोजे, टिन-क्युअरचा साचा, रेझिनच्या 3डी प्रिंटरमधून काढलेला अर्धवट क्युअर झालेला भाग, यांतलं काहीही लागलं तरी प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो. चिकटपणा फक्त साच्याकडच्या बाजूला असेल तर साचा तपासा. मधेच कुठे कुठे ओले पट्टे दिसले तर ढवळणं कमी पडलंय. सगळाच हात लिबलिबीत राहिला तर मात्र वजनात चूक आहे.

शिल्पासाठी सल्फर-फ्री क्ले घ्या, नायट्राइलचे मोजे घाला. प्लास्टरचा साचा पूर्ण वाळवा आणि त्यावर क्लिअर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे 2-3 पातळ थर द्या. तरीही हमी नाही, म्हणून आधी त्याच पृष्ठभागावर चमचाभर सिलिकॉन ओतून पाहा. चिकट राहिलेला हात सहसा वाचत नाही. त्यावर नवा थर देण्यात वेळ घालवू नका.

किती सिलिकॉन लागेल हे अंदाजाने ठरवू नका. साचा घेण्यापूर्वी कलाकाराला काठोकाठ भरलेल्या भांड्यात मनगटापर्यंत हात बुडवायला सांगा. सांडलेलं पाणी जितके मिलिलिटर, त्याला 1.07 ने गुणा, की ग्रॅम मिळतात. वर 10 टक्के जास्त धरा.

इकोफ्लेक्स 00-30 आणि ड्रॅगन स्किन 10 या प्लॅटिनम सिलिकॉनचे दोन्ही पार्ट 1:1 घ्यायचे. तीन मिनिटं कडा खरवडत ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. हवेचे बुडबुडे काढायला व्हॅक्युम पंप लावला की मिश्रण फुगतं, त्यामुळे भांडं चौपट मोठं हवं. पंप नसेल तर पहिला थर ब्रशने लावा आणि उरलेलं बारीक धारेने एकाच कोपऱ्यातून ओता. ड्रॅगन स्किन 10 मीडियमचा 20 मिनिटांचा पॉट लाइफ (मिसळल्यावर ओतता येण्याचा वेळ) साधारण 23 अंशांना मोजलेला असतो. मे महिन्यात मुंबईच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो निम्म्यावर येऊ शकतो. डबे आदल्या रात्रीच एसीत ठेवा.

आता रंग. हात मेणाचा वाटतो तो बेस अपारदर्शक झाल्यामुळे. त्वचेत प्रकाश थोडा आत शिरतो. पिगमेंट जास्त झालं की तो वरच अडतो. वजनाच्या अर्धा टक्काही बहुधा पुरतो. कपात रंग गडद दिसतो, म्हणून साधारण 1 सेंटिमीटर जाडीचा नमुना करून तो सेटवरच्या लाइटखाली कलाकाराच्या हाताशेजारी धरा. सावळ्या त्वचेसाठी काळा मिसळला की ती राखाडी, निर्जीव दिसते. त्याऐवजी पिवळी गेरू, बर्न्ट सिएना, लाल आणि किंचित निळा घ्या. लाल-निळ्या फ्लॉकच्या (बारीक कापलेल्या रंगीत धाग्यांच्या) चिमूटभर तंतूंनी खोली येते. तळवा फिकट आणि बोटांचे सांधे गडद ठेवायला विसरू नका. भारतीय हाताची ओळख तिथेच पटते.

वरचा रंग अ‍ॅक्रिलिकचा असेल तर तो सोलून निघणारच. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिलीज एजंट (हात साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर) पुसा, मग सिलिकॉन पेंट बेसमध्ये पिगमेंट मिसळून, सॉल्व्हंटने पातळ करून, थरावर थर द्या. या वाफेला धुळीचा मास्क चालत नाही. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर आणि एक्झॉस्ट हवाच. चकाकी टॅल्कम पावडरने मारा.

मऊपणासाठी डेडनर (सिलिकॉन मऊ करणारं मिश्रण) वाढवला की सिलिकॉन चिकट होतं आणि सहज फाटतं. साच्यात आधी साध्या सिलिकॉनची कातडी लावा, डेडनरचं मिश्रण तिच्या आत भरा. बोटं वाकवता यावीत म्हणून आत घातलेल्या अ‍ॅल्युमिनियम तारेची टोकं वळवून गोल करा, नाहीतर दोन-तीनदा वाकवल्यावर ती बाहेर येतात.