घरचं माणूस दुभाषी नव्हे: अमेरिकेत आईबाबांना डॉक्टरांकडे नेताना या चुका टाळा

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स विचारते, "काही खाल्लं नाही ना?" आजी म्हणतात, "हो." मराठीत या 'हो'चा अर्थ बहुतेक वेळा 'बरोबर, काही खाल्लं नाही' असा असतो. घाईत इंग्रजीत नुसतं 'येस' गेलं तर नर्सला ऐकू येतं 'खाल्लंय', आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. याच्या उलट झालं तर जास्त वाईट. आजींचं 'हो' म्हणजे 'हो, चहा-बिस्किट घेतलं' असं असेल आणि सोबतच्या माणसाने 'काही नाही खाल्लं' असं सांगितलं, तर भूल दिल्यावर पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शिकलेला दुभाषी इथे थांबतो आणि पूर्ण वाक्यात उत्तर मागतो. घरचं माणूस थांबत नाही, कारण त्याला आईचं सगळं कळतं अशी त्याची खात्री असते.

"मुलगी आहे ना सोबत, दुभाषी कशाला?"

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुलीचं इंग्रजी उत्तम असतं, पण दुभाषाचं काम म्हणजे नुसतं इंग्रजी येणं नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या लहान मुलांच्या इमर्जन्सी विभागांत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांची संभाषणं तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्थ बदलणाऱ्या चुकांपैकी उपचारावर परिणाम करू शकतील अशा चुका व्यावसायिक दुभाषांच्या १२ टक्के होत्या, तर प्रशिक्षण नसलेल्यांच्या २२ टक्के. दुभाषी मुळीच नव्हता तिथे हा आकडा २० टक्के होता. म्हणजे हाताशी असलेलं माणूस वापरणं हे कोणीच नसण्याइतकंच धोक्याचं निघालं. ज्या दुभाषांचं प्रशिक्षण १०० तासांचं किंवा अधिक होतं, त्यांच्याबाबतीत आकडा २ टक्क्यांवर आला.

घरचं माणूस काय गाळतं, हे आपल्याला माहीत असतं. आई सलग पाच मिनिटं बोलते आणि मुलगा इंग्रजीत सांगतो, "तिला थोडं बरं वाटत नाहीये." वडिलांसमोर मुलीला लघवीचे, संडासचे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. सुनेसमोर सासू 'अंगावरून पांढरं जातंय' हे सांगतच नाही. आणि कॅन्सरचं निदान आलं की "आईला सांगू नका" असं म्हणत वाक्यच बदललं जातं. भावना समजण्यासारखी आहे. पण सही आईची असते, शरीर तिचं असतं, आणि तिला गाठ साधी आहे असं वाटत असताना केमोथेरपीला दिलेल्या होकाराला काही अर्थ राहत नाही. व्यावसायिक दुभाषी खोलीत बोललेलं सगळं पोहोचवतो. तुम्ही डॉक्टरांच्या कानाशी इंग्रजीत केलेली विनंतीसुद्धा. मुलीने मुलगी म्हणूनच बसावं, हात धरावा, प्रश्न लक्षात ठेवावेत. अठरा वर्षांखालच्या नातवंडांना तर या कामाला कधीच लावू नका. जिवावर बेतलेली वेळ असेल आणि दुभाषी मिळतच नसेल, तेवढा एकच अपवाद नियमात आहे.

दुभाषाचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर ही जबाबदारी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याचं कलम १५५७ यांनी टाकली आहे, आणि व्यवहारात जवळजवळ सगळी रुग्णालयं त्यात येतात. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांना भाषेची मदत देण्याबद्दलचा २००० सालचा आदेश रद्द झाला. पण राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संसदेचे कायदे रद्द होत नाहीत. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत म्हणून मागायला बिचकू नका.

"हिंदी चालेल"

अपॉइंटमेंट घेताना 'इंडियन' किंवा 'हिंदी' लिहिलं जातं आणि समोर हिंदी दुभाषी येतो. बाजारहाटापुरतं हिंदी येणाऱ्या आजोबांना 'कळ मारते' आणि 'ठणकतं' यातला फरक हिंदीत सांगता येत नाही. मग ते फक्त 'दर्द है' म्हणतात. अपॉइंटमेंटच्या वेळीच दोन गोष्टी नोंदवून घ्या: पसंतीची भाषा मराठी, आणि दुभाषी हवा. पेशंट पोर्टलवर, म्हणजे रुग्णालयाच्या वेबसाइटवरच्या पेशंटच्या खात्यात, हे दोन वेगळे रकाने असतात आणि दुसरा बऱ्याचदा रिकामा राहतो. मराठी दुभाषी फोनवर बहुधा मिळतो. व्हिडिओवर किंवा प्रत्यक्ष हवा असेल तर आधी सांगावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. वेळही जास्त मागा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं.

शब्द जसाच्या तसा ढकलणं

१९८० मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये 'इन्टॉक्सिकादो' हा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय, असं त्यांना म्हणायचं होतं. डॉक्टरांनी तो इंग्रजी शब्दासारखा ऐकला आणि अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले आणि नुकसानभरपाईची तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर गेली. व्यावसायिक दुभाषी कोणी मागवलाच नव्हता.

मराठीत असा शब्द म्हणजे 'पित्त'. 'मला पित्ताचा त्रास आहे' म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. किंवा डोकं असह्य दुखणं आणि उलटी झाली की उतरणं. किंवा अंगावर गांधी उठणं. पित्ताचे खडे ते आणखी वेगळेच. सोबतच्या माणसाने 'ॲसिडिटी' असं सांगून टाकलं की त्याने निदानच करून टाकलं. सत्तरीच्या बाईची छातीतली जळजळ हृदयाचीही असू शकते, आणि 'जळजळ' असं ऐकलं तर डॉक्टर ईसीजी काढतील. अशा वेळी दुभाषाने अंदाज बांधू नये. 'दुभाषी स्वतः बोलतोय: या शब्दाचे तीन-चार अर्थ होतात, पेशंटला विचारू का?' असं डॉक्टरांना म्हणावं, आणि तेच मराठीत पेशंटलाही सांगावं, म्हणजे आपल्यामागे काय चाललंय असं तिला वाटत नाही.

'फिट आली'चं इंग्रजी 'फिट' झालं तर अर्थ तंदुरुस्तीकडे जातो. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ, हे मुंबईतल्या नव्या पिढीलाही माहीत नसतं. 'मला बीपी आहे' यात 'वाढलेलं' हा शब्द गृहीत असतो. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' ऐकून आजोबांचा चेहरा खुलतो. त्या क्षणी डॉक्टरांना थांबवून 'म्हणजे आजार आहे की नाही, ते साध्या शब्दांत सांगा' अशी विनंती करावी लागते.

वेळ आणि माप सांगण्यातही घोटाळे होतात. 'परवा' मागचा की पुढचा, हे क्रियापदावरून कळतं, आणि आजारी माणूस क्रियापद अर्धवट सोडतो. वार आणि तारीख दोन्ही वदवून घ्या. 'एक चमचा' म्हणजे ५ मिलीचा की १५ मिलीचा? मिलीतच बोला.

डॉक्टर 'वी' म्हणतात तेव्हा मराठीत 'आम्ही' म्हणायचं की 'आपण'? 'आपण गुरुवारी ऑपरेशन करू' म्हटलं की पेशंटला वाटतं तिचा होकार धरूनच चाललेत. अजून निर्णय व्हायचा असेल तिथे 'आम्ही सुचवतोय' हेच बरोबर. दुभाषी प्रथमपुरुषी बोलतो, म्हणून डॉक्टर बाई असतील तर पुरुष दुभाषानेही 'मी तपासते' म्हणावं. सुरुवातीला कानाला खटकतं, पण कोण बोलतंय याचा गोंधळ राहत नाही. पेशंटला 'आजी', 'काकू' म्हणणं प्रेमाचं असलं तरी दुभाषाने 'तुम्ही'वरच राहावं. नातं जोडलं की आजी त्यालाच विचारतात, "तू सांग बाळा, करू का ऑपरेशन?"

औषधांची नावं आठवणीतून सांगणं

भारतातलं ब्रँडचं नाव अमेरिकेत कोणाला कळत नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्याचं तिथलं नाव ॲसिटामिनोफेन. कॉम्बिफ्लाममध्ये त्याच्यासोबत आयबुप्रोफेनही असतं. रक्त पातळ ठेवायची एसिट्रोम अमेरिकेत वापरातच नाही, तिथे वॉरफरिन देतात. ही दोन्ही एकच, असं दुभाषाने स्वतःच्या अधिकारात सांगू नये. रिकाम्या झालेल्या पट्ट्यासुद्धा पिशवीत घालून न्या, मागचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव डॉक्टर स्वतः वाचतील.

खोलीतली मांडणी

फोन स्पीकरवर, पेशंट आणि डॉक्टर यांच्या मध्ये ठेवा. दुभाषी प्रत्यक्ष हजर असेल तर त्याने पेशंटच्या बाजूला, किंचित मागे बसावं. डॉक्टरांनी पेशंटकडे बघून बोलावं. एका वेळी दोन वाक्यं, मग थांबायचं. दुभाषाचा ओळख क्रमांक लिहून ठेवा. एमआरआयच्या खोलीत टॅब्लेट नेता येत नाही, म्हणून 'श्वास घ्या, धरा, सोडा' या सूचना आणि हातातलं बटण कधी दाबायचं, हे आत जाण्याआधीच दुभाषाकडून समजून घ्या. शेवटी पेशंटने गोळ्या कशा घेणार हे स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना सांगावं. 'कळलं का?' या प्रश्नाला आपल्याकडची माणसं नेहमीच 'हो' म्हणतात.

डिस्चार्जचे कागद मोबाइलवर भाषांतरित करणं

इमर्जन्सीतल्या डिस्चार्ज सूचना गूगल ट्रान्सलेटवर तपासणारा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. अर्थ बरोबर राहण्याचं प्रमाण स्पॅनिशमध्ये ९४ टक्के होतं आणि आर्मेनियनमध्ये ५५ टक्के. मराठी त्यात नव्हती. कलम १५५७ खालच्या २०२४ च्या नियमानुसार महत्त्वाचा मजकूर यंत्राने भाषांतरित केला तर तो पात्र मानवी भाषांतरकाराने तपासलाच पाहिजे. दुभाषी लाइनवर असतानाच नर्सला कागद वाचायला सांगा. संमतिपत्राच्या वेळी डॉक्टर खोलीतच हवेत, कारण शंकांना उत्तर देणं दुभाषाचं काम नाही.

नकार आला तर गप्प बसणं

"मराठी मिळत नाही" असं रिसेप्शनवर सांगितलं तर 'लँग्वेज सर्व्हिसेस' विभागाला किंवा 'पेशंट ॲडव्होकेट'ला (पेशंटची बाजू मांडणारा रुग्णालयाचा माणूस) बोलवायला सांगा. 'दुभाषी नको' अशा कागदावर भिडेखातर सही करू नका. केली असली तरी मत केव्हाही बदलता येतं, पुढच्याच प्रश्नाला 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज' म्हणायचं. त्यानंतरही मिळाला नाही तर तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. केंद्रीय आरोग्य खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे तक्रार १८० दिवसांच्या आत करावी लागते.