जुना प्रोसेसर, नवा मदरबोर्ड

फोंड्यातल्या माझ्या टेबलावर पावसाळ्यात हिरवट गंज चढलेले लॅपटॉपचे मदरबोर्ड बरेच येतात. बोर्ड मेला तरी प्रोसेसर बहुधा धडधाकट असतो; तो फेकू नका, नव्या बोर्डावर बसवा.

आधी प्रोसेसरचं मॉडेल बघा. आय५-३३२०एम सारखा, शेवटी 'एम' असलेला इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर सहसा सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या खाचेतून, निघतो. 'यू' वाला बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, तिथे हा मार्ग बंद. नवा बोर्ड लॅपटॉपच्या त्याच मॉडेलचा, त्याच सॉकेटचा घ्या. लेनोवो थिंकपॅड टी४३० लॅपटॉपचा प्रोसेसर टी४४०पी मध्ये बसत नाही.

चार्जर आणि बॅटरी काढा. हीटसिंकचे (प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने सैल करा. सॉकेटशेजारचा स्क्रू उघड्या कुलपाच्या खुणेकडे फिरवला की प्रोसेसर सुटतो. कडांनी धरून सरळ वर उचला.

नव्या बोर्डावर बसवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा आणि नुसता ठेवा, तो आपसूक खाली बसतो. दाबायचा नाही! पिन वाकली तर सगळी मेहनत वाया. मग स्क्रू बंद करा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा, आणि हीटसिंक आकड्यांच्या क्रमाने आवळा. झाकण लावण्याआधी एकदा चालू करून बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसरचं नाव दिसतंय ना, ते पाहा.